दोन माकडिणींमधलं दार

मी माकडांना घाबरते. जनावरांच्या डॉक्टरीणबाईनं हे कबूल करावं का, असं कुणी विचारलं तर खुशाल विचारा. कुत्रा चावण्याआधी गुरगुरतो, बैल मान खाली घालतो; माकडाचं काय बिनसलं हे कळेपर्यंत आपल्या हाताचा लचका तोडलेला असतो. शहराबाहेरच्या त्या प्राण्यांच्या अनाथालयात नोकरी लागली तेव्हा मी कसब्यातून निघायची, स्वारगेटला बस पकडायची आणि उतरेपर्यंत एकच दुआ मागायची, की आज माकडांकडे जावं लागू नये. ती कधी कबूल झाली नाही. माकडांचे पिंजरे माझ्याकडेच होते.

त्यात एक म्हातारी होती. रस्त्यावर खेळ करणाऱ्या माणसाकडून सोडवून आणलेली माकडीण, वर्षानुवर्षं एकटी. गळ्याभोवती दोरीचा वळ होता, तिथं परत केस आलेच नव्हते. ती स्वतःचा डावा हात चावायची. रागानं नव्हे, नेमून दिलेलं काम उरकावं तशी, शांतपणे. मी लावलेली पट्टी फाडायची, मलम चाटून टाकायची आणि पुन्हा सुरू.

आम्ही तिला उद्योग दिला. करवंटीत शेंगदाणे घालून वरून गूळ थापायचा, गोणपाटाच्या घड्यांत फुटाणे लपवायचे, जुना टायर टांगायचा. दाणे शोधत असायची तोवर हात सुटलेला असायचा. दाणे संपले की दात पुन्हा हातावर. माकड हे कळपातलं जनावर. करवंटीशी ते किती वेळ जीव रमवणार? तिला दुसऱ्या माकडाची सोबत हवी, असं मी आमच्या मुख्य डॉक्टरांना सांगितलं. त्यांना सगळे सर म्हणत. सर फार कमी बोलत, आणि बोलत ते झोंबे.

"सोबत? आणि तिनं सोबतीणच मारून टाकली तर?"

मी महिनोन्महिने त्यांच्यामागे लागले. शेवटी ते म्हणाले, "एकदाच. रक्त निघालं की विषय संपला. हाताच्या जखमेचं विष अंगात भिनायला लागलंय, हे तुम्हालाही दिसतंय. एकटीच राहणार असेल तर मी तिला झोपवणार." झोपवणार म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

कुठल्याशा बंगल्याच्या अंगणात साखळीला बांधलेली एक धाकटी माकडीण आमच्याकडे आली होती. तिचा पिंजरा म्हातारीच्या शेजारी लावला, मध्ये जाळी आणि जाळीत एक बंद दार. आधी नुसतं दात विचकणं चाललं. मग एका दुपारी म्हातारीनं जाळीला पाठ लावली आणि धाकटीनं भोकांतून बोटं घालून तिच्या उवा वेचायला घेतल्या. आता मधलं दार उघडायला हरकत नव्हती. दार वर सरकणारं होतं आणि बाहेरून साखळीनं ओढायचं होतं. शनिवारी पाहुणे नसतात म्हणून सरांनी शनिवार ठरवला.

शनिवार मारुतीचा. अनाथालयात काम करणारी बरीच मंडळी कामाला लागण्याआधी म्हातारीच्या पिंजऱ्यापाशी येऊन हात जोडत, केळं ठेवत आणि जात. माणसं एकेकटी यायची, त्यामुळे म्हातारी त्यांच्याकडे पाठ करून बसायची आणि कुणाचं काही बिघडत नसे. पण आज दार उघडणार ही बातमी पसरली होती. मी साखळी धरून उभी राहिले तेव्हा मागे सगळेच जमले होते, कुणी तर नारळही आणला होता. सर पाण्याचा पाइप घेऊन नळाशी उभे होते. मारामारी झाली तर पाणी मारून दोघींना सोडवायचं आणि दार कायमचं लावायचं, असं ठरलं होतं.

मी साखळी ओढली. धाकटी अंग चोरत आत आली. दोघींनी एकमेकींना तिरप्या नजरेनं पाहिलं आणि माना वळवल्या. हे चांगलं लक्षण. मी श्वास सोडला.

तेवढ्यात मागची माणसं पुढे सरकली. हात जोडून, थेट म्हातारीच्या डोळ्यांत बघत. दर्शन म्हणजे नजरेला नजर भिडवणं. माकडांत नजरेला नजर भिडवली की ते भांडणाचं आव्हान, आणि आज ते एकदम सगळ्यांकडून आलं होतं. म्हातारीच्या भुवया वर गेल्या, कान मागे गेले, तोंड वासलं. माणसं गजांपलीकडे होती. धाकटी हाताशी होती.

म्हातारीनं झेप घेतली. धाकटीनं किंकाळी फोडली. सरांचा हात नळावर गेला.

काय करायचं ते मला ठाऊक होतं, पण तोंड उघडेना. माझ्या आडनावाची भीती माकडांच्या भीतीहून जुनी आहे. अब्बांचं कसब्यात घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. शेजाऱ्यांकडून दिवाळीचा फराळ यायचा, आमच्याकडून ईदचा शीरखुर्मा जायचा, कुणाशी कधी वाकडं नव्हतं. तरी अब्बांची आम्हाला एकच ताकीद होती, की कुणाच्या देवाच्या गोष्टीत बोलायचं नाही. समोरची माणसं मला डब्यातला घास देणारी होती. त्यांना मी सांगायचं, मारुतीकडे बघू नका?

"नजर खाली करा," मी म्हणाले. आवाज माझा वाटला नाही. "तिच्याकडे कुणीच बघू नका."

सगळे माझ्याकडे वळले. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "देवाकडं बघायचं न्हाई? असं कुटं असतंय व्हय, ताई?"

"मग दर्शन काय डोळे मिटून घ्यायचं?" ऑफिसातले हेडक्लार्क म्हणाले.

"हो, मिटूनच घ्या. तुम्ही भांडायला आलात असं तिला वाटतंय. म्हणून ती मारतेय."

लहानपणापासून जे ऐकायला घाबरत आले ते आता कुणीतरी बोलणार, म्हणून मी मान आखडून उभी राहिले. मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर पुढे ओढला आणि कपाळ जमिनीला टेकवलं. क्लार्कनी चष्मा काढला आणि नाइलाजानं सही करावी तसे डोळे मिटले. मग बाकीच्यांनी. सरांचा हात नळावरच थांबलेला दिसला आणि मीही मान खाली घातली.

न बघणं जास्त भयंकर होतं. जाळी खडखडली, थाळी आपटली, पुन्हा एक किंकाळी. मग काहीच नाही. धाकटी मेली, अशी माझी खात्रीच झाली. आणि मग पचपच असा बारीक आवाज आला. ओठांचा. माकडं भांडण मिटवताना तो काढतात. आधी एकीचा आला, मग दुसरीचा.

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. धाकटी पालथी पडली होती आणि म्हातारीची बोटं तिच्या केसांतून फिरत होती, दोन्ही हातांची. पण धाकटीचा कान फाटला होता. रक्ताचा ओघळ मानेपर्यंत आला होता.

सरांना कान दिसू नये म्हणून साखळी धरूनच मी पिंजऱ्यापुढे आडवी उभी राहायला गेले, पण सर माझ्यापेक्षा हातभर उंच. ते शेजारी येऊन थांबले होते.

"सर, कान..." मी म्हणाले.

"मला काही दिसत नाही, बाई," सर म्हणाले. "तुम्हीच डोळे मिटायला सांगितलंत ना?" बोलताना ते त्या कानाकडेच बघत होते. मग त्यांनी पाइप खाली ठेवला. "साखळी खुंटीला अडकवा. दार उघडं राहू द्या."

मी अडकवायला गेले, पण बोटं साखळीवर वळून घट्ट बसली होती. ती सरांना एकेक करून सोडवावी लागली.