खोळीआडचा राघू

छावणीच्या बाजारात एक म्हातारा रजया भरून द्यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कडाक्याची थंडी पडलेली, मला रजई लगेच हवी, आणि हा मात्र सतरंजीवर ऐसपैस बसून त्या रजईवर लाल दोऱ्यानं मान वळवलेला राघू काढत होता. मी वैतागलो.

"चाचा, वर खोळ चढणार. हा राघू दिसणार कुणाला?"

सुई पांढऱ्या केसांवरून फिरवत तो हसला. "खोळ धुवायला काढता का नाय, साहेब? तवा दिसंल की. अन् मला तर आत्ताच दिसायलाय!"

आणि पुन्हा वाकून त्यानं राघूला डोळा घातला.

हल्ली आमच्याकडे खोळ मळायच्या आधीच धुवायला निघते. काढणारा मीच असतो.