सभापतींचं बोलावणं

मेहुणीच्या लग्नाची बोलावणी करायला सासऱ्यांनी मला धाडलं, तेव्हा एकच गोष्ट बजावली होती : अमुक घरी जायचं नाही. मी नेमका तिथंच जाऊन, बोलावणं देऊन, वर पोहे खाऊन आलो.

ते घर सभापतींचं. सभापती म्हणजे सासऱ्यांचे लहानपणापासूनचे मित्र आणि विणकरांच्या सोसायटीचे प्रमुख. सासरे नगरसेवक झाले ते यांच्याच जिवावर. पहिल्या निवडणुकीत दोघं एकाच सायकलवर फिरले; सासरे पुढं भोंग्यात बोलत आणि सभापती मागून पायडल मारत. पण आता सरकारनं विणकरांसाठी स्वस्तात दिलेलं सूत सोसायटीच्या गोदामातून थेट व्यापाऱ्यांकडं गेलं, अशी बोंब उठली होती. वर्तमानपत्रात रोज काही ना काही. सभापतींचं पद गेलं, चौकशी लागली. आमच्या तांडापेठ वस्तीत मात्र लोक त्यांना सभापतीच म्हणत, कारण त्यांना दुसरं काय म्हणायचं हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

आणि नेमकं त्याच वर्षी सासऱ्यांना आमदारकीचं तिकीट मिळायचा योग आला होता. मुंबईहून पक्षाचे निरीक्षक आले होते. त्यांनी सासऱ्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, ‘‘तुमचं काम चांगलं आहे. फक्त तो माणूस तुमच्याजवळ दिसता कामा नये.’’ सासऱ्यांनी मान डोलावली आणि निरीक्षकांनाच लग्नाचं आमंत्रण देऊन टाकलं.

मी साताऱ्याकडचा, पोस्टातल्या नोकरीमुळं नागपुरात आलेला आणि लग्न करून तिथलाच झालेला. बोलावण्याची तिथली रीत मला नवी होती. पत्रिका देऊन भागत नाही. हळदीत माखलेले तांदूळ समोरच्याच्या हातावर ठेवावे लागतात. ते एकदा पडले, की बोलावणं परत घ्यायची सोय नसते.

सभापतींच्या समोरच्या घरी अक्षता देऊन मी बाहेर पडलो, तर ते आपल्या ओट्यावर बसलेले.

‘‘या नं जवाईबापू, उन्हात काहून उभे?’’

आता जावयानं पाठ फिरवायची तरी कशी? बसलो. आतून पोहे आले, त्यांवर तर्री, म्हणजे तिखटजाळ रस्सा. ती तर्री माझ्या डोळ्यांतून, नाकातून वाहत असतानाच सभापतींच्या बायकोनं पदर पसरला आणि म्हणाली, ‘‘आमचा वाटा ठेवून जा जी. त्या पोरीले मी कडेवर खेळवलं.’’ डोळ्यांतलं पाणी पुसता पुसता मी अक्षता पदरात टाकल्या. तिला वाटलं, जावई भावनाविवश झाले. तीही रडली.

घरी येऊन सांगितलं, तशी सासूबाईंनी कपाळावर हात मारला. सासरे म्हणाले, ‘‘येणार नाही तो. त्याले कळते.’’

‘‘अन् आला तर?’’ सासूबाई.

‘‘आला तर पाहू.’’

‘‘पाहू म्हंजे काय? साहेब डोळ्यांवर पट्टी बांधून जेवणार आहेत?’’

यावर सासरे मंडपवाल्याशी भांडायला निघून गेले. अडचणीच्या प्रश्नाला त्यांचं ते नेहमीचं उत्तर होतं.

लग्न घरासमोरच्या गल्लीत. मी सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी पहारा देत होतो. सभापती दिसले, की त्यांना गोड बोलून परत पाठवायचं, असं मी मनाशी ठरवलेलं. काय गोड बोलायचं ते मात्र सुचलेलं नव्हतं. मंगलाष्टकं झाली, टाळ्या झाल्या, सभापती काही आले नाहीत. मी सुटलो म्हणत पंगतीकडं गेलो.

पहिल्या पंगतीत निरीक्षक. पुरी झाली, वांग्याची भाजी झाली, डाळीचे गोळे घालून शिजवलेला गोळाभात आला. गोळाभातावर कडकडीत तेलाची फोडणी ओतायची असते, आणि ती ओतायला एक माणूस पळी घेऊन वाकत वाकत पुढं येत होता. डोक्याला पंचा गुंडाळलेला, अंगात बनियन. मी पाहिलं आणि माझ्या हातातला मठ्ठ्याचा जग तिरपा झाला. सभापती मागच्या बोळानं पहाटेच येऊन आचाऱ्यांत बसले होते म्हणे. भात त्यांनीच शिजवला होता.

‘‘घ्या साहेब, फोडणीबिगर गोळाभात म्हंजे नुसता सोपस्कार,’’ म्हणत त्यांनी निरीक्षकांच्या पानात पळी रिती केली. मुंबईचा माणूस, एक घास घेतला आणि डोळे मिटले. मग पुन्हा भात घेतला, पुन्हा फोडणी. तृप्त होऊन त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या सासऱ्यांना विचारलं, ‘‘हे गृहस्थ कोण हो? माणूस मोठा आग्रही आहे.’’

सासऱ्यांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा आपण घातलेला घोळ आपणच निस्तरावा, या विचारानं मी पुढं झालो.

‘‘आचारी आहेत साहेब. उमरेडचे.’’

सभापतींनी क्षणभरही न दवडता हात जोडले. ‘‘हो जी. उमरेडचा आचारी.’’

सगळं निभावलं होतं. निरीक्षक पुढच्या घासाकडं वळले होते. सभापती पळी घेऊन पुढच्या पानाकडं सरकलेही होते. एवढ्यात सासरे म्हणाले, ‘‘नाही साहेब.’’

पंगत थांबली.

‘‘जवाई नवीन आहेत, त्यांले माहीत नाही. हे आचारी नाहीत. हेच ते सभापती. माझ्या पोरीच्या लग्नात वाढून राहिले. चौकशीत जे निघन ते निघन, पण माझ्या मांडवात मी त्याले आचारी नाही म्हणू शकत.’’

निरीक्षकांनी एकदा सासऱ्यांकडं पाहिलं, एकदा पानाकडं. ‘‘फोडणी उत्तम आहे,’’ एवढंच म्हणाले आणि भात संपवला. पानात काही टाकलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

तिकीट दुसऱ्याला गेलं. बातमी आली त्या संध्याकाळी सभापती आमच्या ओट्यावर येऊन बसले. मग सासऱ्यांनी, मला वाटतं पहिल्यांदाच, सरळ विचारलं, ‘‘सूत तू खाल्लं काय गा?’’

‘‘नाही खाल्लं,’’ सभापती म्हणाले. ‘‘पण खाणारे माझ्याच खुर्चीच्या मागं उभे होते. मी वळून पाहिलं नाही.’’

‘‘काहून नाही पाहिलं?’’

‘‘पाहिलं असतं त खुर्ची सोडा लागली असती.’’

‘‘मंग आता त गेलीच नं खुर्ची. उद्या जाऊन सांगून दे, कोण होते ते.’’

‘‘माझंही नाव येईन त्यात.’’

‘‘येऊ दे. मी येतो संग.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी स्कूटर काढली, सभापतींना मागं बसवलं आणि सदर भागातल्या चौकशीच्या ऑफिसात घेऊन गेले. भर वस्तीतून, सगळ्यांना दिसेल असं. सासूबाई दारातून पाहत म्हणाल्या, ‘‘कालपर्यंत लपवून राहिले होते, आता मिरवणूक काढून राहिले.’’

त्या दिवशी मला पोस्टात चैन पडेना. रात्री जेवताना मी बायकोला म्हणालो, ‘‘मी त्या घरी अक्षता दिल्या नसत्या, तर बाबा आमदार झाले असते. माझ्यामुळं गेली त्यांची आमदारकी.’’

तिनं माझ्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, ‘‘बाबांची आमदारकी घालवाले बाबा एकटे पुरे आहेत जी. तुम्ही काहून त्यात वाटेकरी होऊन राहिले?’’