वडनेरचं बारूदाचं शिंग

रविवारी मी आणि काळे सर गाडी काढतो अन् जुनी बारूदाची शिंगं शोधत जिल्हा पालथा घालतो. ठासणीच्या बंदुकीची दारू यांत ठेवत. शिंग मिळो न मिळो, किस्सा हमखास मिळतो. सर इतिहासाचे रिटायर्ड मास्तर. त्यांच्याकडे अकरा शिंगं आहेत, सगळी बाहेरची. आपल्या वर्धा जिल्ह्यातलं एक तरी हवं, हा त्यांचा ध्यास. शिंग ओळखण्यात मात्र आमचा हात कोणी धरू शकत नाही. हे मीच सांगतो, दुसरं कोणी सांगत नाही.

जाम गावात एका धाबेवाल्यानं शिंग दाखवलं. "तीनशे साल पुरानं आहे." मी सुई तापवून टोचली. खऱ्या शिंगाला केस जळल्याचा वास येतो, याला प्लास्टिकच्या बादलीचा आला. तो म्हणाला, "मंग चहा तरी घ्या."

समुद्रपूरकडे एका गोठ्यात मी छातीठोकपणे सांगितलं, "अस्सल बारूदाचं!" शेतकरी म्हणाला, "यातून आम्ही बैलाले औषध पाजतो, साहेब." दोन्ही टोकं उघडी होती. बारूद त्यात राहिलीच नसती. सर हिंगणघाट येईपर्यंत हसत होते.

सरांच्या घरी काकूंनी एकदा त्यांच्या राजस्थानी शिंगात बडीशेप भरली. सर चिडले. काकू म्हणाल्या, "चिडता काऊन? यात ओल धरत नाई." शिंगाची इतकी नेमकी ओळख आम्हा दोघांना कधी सांगता आली नव्हती.

मग उन्हाळ्यात आपल्याच जिल्ह्यातल्या वडनेरला एका आजीकडे खरं सापडलं. रुंद तोंडाला सागाचं बूड, टोकाला पितळी तोटी, बुडावर गावाचं नाव कोरलेलं. सरांनी ते हातात घेऊन किंमत विचारली.

आजी म्हणाली, "आमच्याच बैलाचं शिंग हाय. पोळ्याले जोडीसंगं याचीही पूजा करतो. आता जोडी इकली, ट्रॅक्टर घेतला. येवढंच राह्यलं. तुमच्या घरी याची पूजा कोण करन?"

सरांनी शिंग तिच्या हातात परत दिलं. मला असा राग आला! वर्ध्यापर्यंत मी गाडी नुसती दामटली.

पोळ्याला सकाळीच सरांचा फोन, "गाडी काढ." मागच्या सीटवर त्यांची अकराही शिंगं, धुऊन तेल लावलेली. वडनेरला आजीच्या अंगणात सरांनी ती तिच्या शिंगाशेजारी मांडली. आजीनं एकेकाला हळद-कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास दाखवला. मग सरांना विचारलं, "हे कोणाकोणाच्या बैलायचे आहेत जी?"

सर म्हणाले, "कधी इचारलंच नाई, आजी."