कनकाचा नसलेला आजार

…नाही गं तुळजे, ती कनका वेगळी. ही आपल्या मागच्या बिऱ्हाडातल्या सेतुमाधवरावांची थोरली. तोंडियारपेटला राहत होतो तेव्हाची गोष्ट ही. तू लिहीत जा, मी सांगते.

सेतुमाधवराव एन्नोरच्या वीजकारखान्यात. घरी यायचे ते कॉलरला कोळशाची काळी रेघ घेऊनच. पोरगी तमिळ शाळेत शिकलेली, पण हुशार. बी.एस्सी.ला जागा मिळाली तेव्हा त्यांनी गल्लीभर केसरी, म्हणजे आपला गोड शिरा, वाटला. आमच्या तंजावरकडच्या मराठी माणसांत मुलीला कॉलेजात घालणारे ते पहिलेच म्हण ना!

आणि तिथं गेल्यावर काय? सगळं इंग्रजीत. मॅडम फळ्याकडं तोंड करून भराभर बोलायच्या आणि कनका मागच्या बाकावर माठासारखी गप्प. बाकावरच्या मुली हसल्या की हीही हसायची. कशाला हसतात ते ठाऊक नसायचं. बसमध्ये बसली की डोळे भरायचे.

तशात एके दिवशी जिन्यात कुणीतरी म्हणालं, "अगं, पदर अडकलाय तुझा."

मराठीत! आम्हाला तिथं बाहेर मराठी ऐकू आली की काय व्हायचं ते तुला नाही कळायचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, हीच आमची रीत. बाहेर कुणी मराठी बोललं, की ते आपलंच माणूस. कूळ विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. कनकानं मागं वळून पाहिलं, तर रसायनाच्या अलकनंदा मॅडम. नवरा रेल्वेत मोठा साहेब, बाई नागपूरकडच्या.

"तुम्ही आपल्यातल्या?" कनका म्हणाली आणि तिथंच रडायला लागली. "मॅडम, मला वर्गातलं काही उमगत नाही."

"वेडी! मी आहे ना? गुरुवारी माझ्या खोलीत येत जा."

आणि शिकवलं हो त्यांनी, खोटं कशाला बोलू. आधी मराठीत समजवायच्या, मग तेच इंग्रजीत म्हणायला लावायच्या. "काय गं तुझी ती मराठी, शिवाजीच्या आजीसारखी बोलतेस," म्हणून हसायच्या. कनकाला तेही गोड लागायचं. पोंगलच्या सुमाराला पोरीनं वर्गात हात वर करून प्रश्न विचारला. इंग्रजीत! आदल्या दिवसापासून घोकत होती. घरी आली ती दारातूनच ओरडत, "आई, मी विचारलं! मी विचारलं गं!"

त्याच महिन्यात एका रविवारी मॅडम घरी आल्या. केवढी धांदल! कनकानं स्वतः कॉफी केली. मॅडम म्हणाल्या, "कनका, तू जरा आत जा. तुझ्या अप्पांशी बोलायचंय."

काय बोलल्या? तर मुलगी वर्गात रडते, हातपाय थरथरतात, डोक्यावर ताण येतोय. उद्या परीक्षेत घेरी येऊन पडली तर चारचौघांत बोभाटा होईल, आणि मग लग्न कसं जमवणार? त्यापेक्षा आत्ताच नाव काढा. "परकी असते तर बोलले नसते, आपली म्हणून सांगते."

"अप्पा, मला काही झालेलं नाही!" कनकानं किती विनवलं. "त्यांनीच तर मला शिकवलं!"

"मग त्या खोटं कशाला बोलतील? आपल्या माणसानं घरी येऊन सांगितलंय."

दुसऱ्या कुणाला विचारायचं म्हटलं तरी कुणाला? ती रडली ते मॅडमपुढंच, बोलली ते मराठीत. कॉलेजात ते समजणारं दुसरं होतंच कोण? नाव काढलं. तरी पोरगी मॅडमना दोष देईना. "त्यांना काळजी वाटली असेल," म्हणायची. स्वतःचे हात पुढं धरून बघायची, थरथरतात का म्हणून.

पुढच्या नवरात्रात घरात कोलू मांडला होता, बाहुल्यांच्या पायऱ्या. मॅडम कुंकवाला आल्या. खुशीत होत्या.

"यंदा आमच्या विषयाचा निकाल शंभर टक्के! प्रिन्सिपलनी शाल दिली मला."

कनकाची आई भाबडी. "अगंबाई! कसं जमवलंत?"

"अहो, कच्च्या मुलींना परीक्षेआधीच घरी बसवायचं. नापास व्हायला कुणी उरतच नाही! तुमच्यासारखे समजूतदार आईबाप भेटले म्हणून जमलं."

कनका सुंडलची, परतलेल्या हरभऱ्यांची वाटी घेऊन समोरच उभी. मग सावकाश बोलली, एकेक शब्द तोलून, "मॅडम, आय वॉज नॉट सिक. आय वॉज लर्निंग."

मॅडमचा हात कुंकवाच्या करंड्यातच राहिला. "अगं, मराठीत बोल ना. आपण का परक्या आहोत?"

कनका तमिळमध्ये म्हणाली, "सुंडल एडुत्तुक्कोंग." घ्या म्हणाली, एवढंच. अप्पा बाहुल्यांकडं बघत बसले. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन हात जोडून आले, पण जागा भरली होती. वैशाखात तिचं लग्न लागलं.

आता हे वाचेल त्याला माझं एवढंच सांगणं. मॅडम रिटायर होऊन अड्यारला राहतात म्हणे. कुणाची ओळख असेल तर त्यांना निरोप पोचवा. कनकाची लेक यंदा कॉलेजात गेली. वर्गात प्रश्न विचारते. पण आपल्याला मराठी येतं, हे तिनं तिथं कुणाला सांगितलेलं नाही. आईनं बजावलंय.