पंचांगाच्या समासातील दस्तगीर

करवीरनिवासिनी श्रीअंबाबाईच्या चरणी मस्तक ठेवून, माझे चाळीस वर्षांचे स्नेही दस्तगीर मुजावर यांच्या स्मरणार्थ हे चार शब्द लिहीत आहे. परवा त्यांचा चाळिसावा झाला. मृग नक्षत्राच्या अखेरच्या दिवसांत, सकाळी महादेवाच्या पिंडीवर अभिषेकाची धार धरली असताना त्यांच्या थोरल्या चिरंजीवांचा दूरध्वनी आला. “गुरुजी, अब्बा गेले,” एवढेच ते बोलले. हातातील अभिषेक पूर्ण केला, कारण अर्ध्यावर सोडलेले काम दस्तगीरांना कधी रुचले नसते.

आमचे गाव कोल्हापूरहून तासाभराच्या वाटेवर, नदीकाठी आहे. मी तेथील हायस्कुलात संस्कृत शिकवीत असे आणि महादेवाची पूजा वंशपरंपरेने माझ्याकडे आहे. दस्तगीर साखर कारखान्याच्या शेती विभागात होते. ज्याला गावात ‘चिटबॉय’ म्हणतात, ते त्यांचे काम. कोणाचा ऊस कोणत्या दिवशी लागला याची नोंद करायची आणि हंगामात त्याच क्रमाने तोडणीची चिठ्ठी द्यायची. वरवर पाहता हे काम किरकोळ वाटेल. परंतु वेळेवर तोड न मिळालेल्या उसाला तुरा येतो, कांडे आतून पोकळ होते, वजन घटते. शेतकऱ्याचे दीड वर्ष त्या एका चिठ्ठीवर अवलंबून असते.

त्यांची एक सवय होती. संध्याकाळी सायकल देवळाच्या पारापाशी लावून ते पायरीवर बसत आणि त्या दिवशी गावच्या शिवारात काय पेरले, काय लावले, ते मला सांगत. मी पंचांगात त्या तिथीच्या समोर, समासात, ते लिहून ठेवीत असे. कारखान्याची नोंदवही असताना हे कशाला, असे मी प्रथम विचारले होते. ते हसून म्हणाले, “गुरुजी, तारीख खोडाय येती. नक्षत्र कसं खोडणार? सगळ्या गावानं भिजत लावलेलं असतंय की!”

ती पंचांगे आज माझ्या कपाटात ओळीने उभी आहेत. जुन्या समासांत जोंधळा आहे, भुईमूग आहे, हरभरा आहे, वरच्या रानातले भात आहे. मग नदीवरून पाणी उचलण्याच्या योजना आल्या. ज्या गावचा पुढारी सत्तेच्या बाजूस, तेथे पाइप आधी पोहोचले. हळूहळू समासांत एकच शब्द उरला… ऊस. लोकांना भुईमूग नकोसा झाला होता, असे नव्हे. उसाला ठरलेला भाव होता, हमखास घेणारा कारखाना होता आणि त्या कारखान्याच्या सभासदाला मत होते. हरभऱ्यामागे असे कोण उभे होते? डाळ शहरात महागली की बाहेरून येई. साखर महागेल असे दिसले की तिची बाहेरची वाट बंद होई. एका वर्षी उसापासून इंधन करा म्हणून आग्रह, पुढच्या वर्षी त्यावर बंधन. दस्तगीर वृत्तपत्र फारसे वाचत नसत, पण बांधावरून चालताना म्हणत, “इलेक्शन जवळ आलंया गुरुजी. दिल्लीत काय शिजतंय त्ये हितं सरीत दिसतंय बघा.”

आता जे लिहायचे आहे, ते लिहिल्यावाचून हा लेख खरा होणार नाही.

एका वर्षी कारखान्याची निवडणूक फार चुरशीची झाली. आमच्या गावच्या हौसाबाई तरुण वयात विधवा झालेल्या. त्यांचे दीर पडलेल्या पॅनेलकडून उभे होते. हौसाबाईंचा ऊस पुनर्वसूत, म्हणजे आमच्या बोलीतल्या ‘तरण्या’ पावसात लागलेला. त्यांची तोड पहिल्या फेरीतच यावयास हवी होती. परंतु नोंदवहीतील तारीख कोणीतरी खोडून दोन महिने पुढे नेली आणि त्यांचे नाव यादीच्या तळाशी गेले. उसाला तुरे आले. दस्तगीर माझ्याकडे आले. “पंचांग घेऊन उद्या कारखान्याच्या गट कार्यालयात चला. तुमचं अक्षर हाय, तुमच्याच तोंडानं वाचा. तुमच्याफुडं कोण खोटं बोलायचं न्हाय.”

मी म्हणालो, “माझे अनुष्ठान चालू आहे. वेस ओलांडता येणार नाही. पंचांग घेऊन जा.”

अनुष्ठान खरोखरच चालू होते. पण देवळाच्या सभामंडपावर छत घालून देण्याचा शब्द निवडून आलेल्या मंडळींनी मला दिला होता, हेही तितकेच खरे. दस्तगीरांनी पंचांग रुमालात गुंडाळले आणि ते एकटे गेले. तेथे त्यांना सांगण्यात आले, “अक्षर गुरुजींचं, तर गुरुजीच सांगू द्यात. त्ये का आलं न्हाईत?” ते पंचांग तसेच घेऊन परत आले. हौसाबाईंचा ऊस फाल्गुनात तुटला. तोवर त्यातला निम्मा जळणाच्याच लायकीचा राहिला होता. दस्तगीरांची बदली राधानगरीच्या डोंगराकडील गटात झाली. सभामंडपावर छत आले. आजही मी त्याच छताखाली पूजा करतो.

बदलीच्या गावाहून ते दर रविवारी येत. पहिल्या रविवारी मी काही बोलू पाहिले, तर ते पायरीवर बसत म्हणाले, “ऱ्हाऊ दे गुरुजी. लिवा… पाटलाच्या वावरात उसाची लागण, काल.” पुढे दुसरे पॅनेल सत्तेत आले, तेव्हा मला वाटले की आता क्रम पूर्ववत होईल. ते हसले. “खुर्ची बदलली. यादी नुस्ती उलटी केली.” आणि खरोखरच, ज्यांचा ऊस आधी जात असे तो आता वाळू लागला. दस्तगीरांनी त्यांच्याही बाजूने तितक्याच निष्ठेने तक्रार केली. निवृत्तीनंतरही त्यांचा पायरीवरचा परिपाठ चुकला नाही. मला मात्र त्यांनी पुन्हा कधीही कोठे ‘चला’ म्हटले नाही.

यंदा कारखान्याची निवडणूक आहे. गेल्या आठवड्यात संध्याकाळी दीपाराधनेनंतर काठीचा आवाज आला. हौसाबाई होत्या, आता त्यांचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत. दस्तगीर बसत त्या पायरीकडे त्यांनी पाहिले आणि तिच्या शेजारच्या पायरीवर बसल्या.

“दस्तगीरदादा न्हाईत, म्हनून मीच आलोय. आज लागण केली. म्हाताऱ्या पावसात. लिवा.”

मी पंचांग उघडले, पुष्य नक्षत्र पाहिले, समासात लिहिले. त्या उठल्या नाहीत.

“आनि येळ आली, तर याल न्हवं वाचाय? का पूजा हाय म्हनशीला?”

“येईन,” मी म्हणालो. “पूजा सोडून येईन.”

“बगू,” असे म्हणून त्या काठी टेकीत निघून गेल्या.

इतक्या वर्षांच्या समासांत एकाही नोंदीखाली माझे नाव नाही. त्या संध्याकाळी हौसाबाईंच्या नोंदीखाली मी माझे पूर्ण नाव लिहिले, आणि त्याखाली ‘सांगणार : दस्तगीर मुजावर यांच्या जागी स्वतः हौसाबाई’ असे लिहून पंचांग पायरीवर, दस्तगीरांच्या बसण्याच्या जागी, शाई वाळेपर्यंत उघडे ठेवले.

वाचकहो, आपल्या शिवारात जे पेराल ते वेळेवर आपल्या घरी येवो, आपल्या बाजूने खरे सांगणारा एक तरी शेजारी आपणांस लाभो, आणि आपल्या घरादारावर जगदंबेची कृपादृष्टी अखंड राहो.