कच्चे गाभे

गोळीसोड्याच्या जुन्या बाटलीची नक्कल पितळात ओतायची, तर ती आतून पोकळ हवी. त्यासाठी साच्याच्या मधोमध रेतीचा गाभा ठेवतात. रेतीत तेल आणि उसाची मळी कालवून तो भट्टीत भाजायचा. आत ओल राहिली तर वितळलेलं पितळ पडताच वाफ होते आणि धातू वर उसळतो. समोर ओतणाऱ्याचं तोंड असतं.

चिंचवडच्या आमच्या शेडमध्ये ओतकाम मामा करतात. मूळचे लातूरकडचे, नात्याचे कुणी नाहीत. गाभे भाजणं माझं काम.

गुरुवारी आमच्या भागात लाइट जाते म्हणून सुट्टी असते. त्या गुरुवारी जाणार नाही, असा वीज कंपनीचा मेसेज आला होता. चाकणच्या एका हॉटेलला शोभेच्या बाटल्या द्यायच्या होत्या, म्हणून शेड उघडली. पहाटे सात गाभे विजेच्या भट्टीत ठेवले, चावीचं घड्याळ लावलं आणि डबे करायला रहाटणीला घरी गेले. परत आले तेव्हा घड्याळ नुकतंच वाजलं होतं. गाभे बाहेरून तांबूस, कडक. नंतर आलेल्या मामांनी ते साच्यांत बसवून साच्यांच्या पेट्या बंद केल्या.

वितळलेल्या पितळाचं भांडं, म्हणजे मूस, दुसऱ्या भट्टीतून निघाली तेव्हा शेजारचा प्रेसवाला शटरशी आला. "काय ताई, आज तुम्ही पण चालू? सकाळी दीड तास लाइट नव्हती, आमचा तर जॉबच अडकला."

चावीच्या घड्याळाला लाइट लागत नाही. भट्टी बंद पडली तरी ते आपलं वाजतं.

मामा आणि त्यांचा जोडीदार मुशीचा दांडा धरून पहिल्या पेटीकडे निघाले होते. आमच्याकडे मूस उचलल्यावर कुणी बोलत नाही. हाक मारली की मान वळते, मान वळली की हात हलतो. हा नियम मीच पाळायला लावते. ओरडले तर पितळ त्यांच्या पायावर, गप्प राहिले तर तोंडावर.

कोपऱ्यातलं फावडं घेतलं, पेट्यांच्या पलीकडून गेले आणि पहिल्या पेटीच्या तोंडावर ते आडवं ठेवलं. मामा दोन पावलांवर थांबले. माझ्याकडे बघितलं. दोघं वळले आणि पितळ उरलेला धातू ओतायच्या लाद्यांच्या कोरड्या साच्यांत रिकामं केलं. मूस खाली ठेवल्यावरच ते बोलले.

"काय झालं वो?"

"गाभे कच्चे असतील. मधे लाइट गेली होती. मला आत्ता कळलं."

त्यांनी पेटी उघडली, गाभा काढून गुडघ्यावर मोडला. मधली रेती काळी, ओली. बोटाला लागली.

"वरून भाजली न् आत पीठ," ते म्हणाले. "ताई, घरी बी अशीच भाकर करता का?"

जोडीदार हसला. मामा हसले नाहीत. बोटाची रेती त्यांनी माझ्या तळहातावर पुसली आणि हात धुवायला गेले.

उरलेले सहा मी मोडले. सहाही ओले. मग पेटीवर बसले.

त्यानंतर दर खेपेला मी एक गाभा जास्त करते. ओतण्याआधी मामा त्यातला कुठलाही एक उचलून माझ्यासमोर मोडतात. मोडतानाचा कोरडा, कडक आवाज येईपर्यंत मी श्वास घेत नाही.