तिसरी बॅटरी

काल इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला माणूस आला. झाकण उघडताच ॲसिडचा वास आला आणि दादाचा ट्रक आठवला.

माझा थोरला भाऊ लष्करात गाड्यांचा इलेक्ट्रिशियन होता. निवृत्त झाल्यावर त्याने लिलावात जुना लष्करी ट्रक घेतला आणि वाघोलीच्या नव्या सोसायट्यांना पाणी पोचवू लागला. मी नुकताच आयटीत लागलो होतो. हौसेने ट्रकसाठी टेप आणला. ट्रक चोवीस व्होल्टचा, टेप बाराचा. म्हणून ट्रकच्या बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीलाच तो जोडून टाकला.

खडकीतल्या त्याच्या दारात दादाने माझ्या वायरी काढल्या आणि टेपसाठी वेगळी तिसरी बॅटरी बसवायला घेतली.

“एवढ्याशा टेपने काय होतंय?” मी म्हणालो.

“साहेब, दोघींनी मिळून गाडी ओढायची असते. एकीवरच जादा भार टाकला की ती आधी मरते. दुसरीला पत्ताही लागत नाही.”

तो ट्रकबद्दलच बोलत होता. आडून बोलणं त्याला जमत नसे. पण आई तेव्हा अंथरुणाला खिळून त्याच्याकडेच होती, आणि मी रविवारी टेप ऐकायला जायचो.